नावामागचं नाव

यंत्र म्हणालं, निल. आणि खालच्या ओळीत पुन्हा एकदा, निल.

गुरुदासनं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत डोळ्यांवर चढवला. पडद्यावरची हिरवी अक्षरं तशीच होती. त्यानं बायकोचं नाव मागितलं होतं. विनोदिनी. रोमन अक्षरांत, कारण यंत्राला दुसरी अक्षरं कळत नव्हती. एकेक कळ शोधत, उजव्या हाताच्या तर्जनीनं, सावकाश. थोड्या वेळापूर्वी याच बोटानं हे नाव त्यानं यंत्राच्या पोटात ठेवलं होतं, आणि आता ते परत मागितलं तर यंत्र म्हणत होतं, असं कोणी नाही. कॉलेजच्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत दुपार पसरली होती. थंड हवेचं यंत्र घरघरत होतं. खाली पणजीच्या रस्त्यावर भाड्यानं माणसं नेणारा कुठलासा पायलट आपल्या पिवळ्या मोटारसायकलचा हॉर्न वाजवून गिऱ्हाईक शोधत होता. गुरुदासला एकदम चुकल्यासारखं झालं. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथं पायरीच नसावी, तसं.

एवढं मनाला लावून घेण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. यंत्र ते यंत्र; आणि तो तर निवृत्तीला आलेला ग्रंथपाल, ज्यानं या वर्षीच्या पावसाळ्यात पहिल्यांदा कळफलकाला हात लावला. पण त्याचा स्वभावच तसा. कपाटात पुस्तक सापडत नाही म्हणून एखाद्या विद्यार्थ्यानं तक्रार केली, तर ते पुस्तक आपणच कुठंतरी लपवलंय की काय असं त्याला वाटायचं. कोणी रागावून बोललं की आधी चूक मान्य करायची आणि मग काय चुकलं ते विचारायचं, अशी त्याची रीत. आताही त्याला वाटलं ते हेच, की यंत्राला काहीतरी कळलंय. जे घरात, कॉलेजात, गावी आमोण्यात कोणाला कळलं नाही, ते या पेटीला दुपारच्या वेळी सहज कळलंय.

प्रोग्रॅम तो सिद्धीसाठी लिहीत होता, आणि हे सिद्धीला माहीत नव्हतं. सिद्धी याच कॉलेजात संगणक शिकवायची. डिचोलीची मुलगी, शांत, हसली की एका बाजूनं हसायची. गुरुदासनं आपल्या मुलाला, दत्तप्रसादला, एकदा तिच्याकडं एक पुस्तक पोचवायला पाठवलं होतं. मग ते पुस्तक परत आणायला दत्तू स्वतःहून गेला, आणि मग पुस्तक नसतानाही जायला लागला. तुळशीचं लग्न झालं की या दोघांचं लग्न होतं. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात ही पोर येणार, कोणाला काय म्हणायचं हे तिला कोण सांगणार, असं मनात येऊन त्यानं हे काम घेतलं होतं. माणसाचं नाव घातलं की त्याला हाक कशी मारायची ते यंत्रानं सांगावं. थोरली बहीण रुक्मिणी म्हटलं की आक्का. पार्सेचा मधुकर म्हटलं की मेव्हणेबाब. सुरुवात त्यानं स्वतःपासून केली होती, म्हणजे आपण कोणाला काय म्हणतो इथपासून. सिद्धीचं कोष्टक नंतर त्यावरून काढता आलं असतं. लग्नाची भेट म्हणून हे हास्यास्पद आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लोक सोन्याचं देतात.

लिस्प ही संगणकाची भाषा त्याला सिद्धीनंच शिकवली होती. बाकीच्या भाषा त्याला दटावतात असं वाटायचं. ही मात्र कंसात कंस, त्यात कंस, असं हळू बोलणारी. एखादा लाजरा माणूस बोलता बोलता पोटवाक्यात शिरतो आणि तिथून बाहेर यायचं विसरतो, तशी. नाव आणि नावापुढची माहिती ठेवायची असेल तर काय वापरावं, असं त्यानं तिला गणपतीच्या सुट्टीनंतर विचारलं होतं, कशासाठी ते न सांगता. तिनं कागदावर चित्रं काढून दाखवली. एक जोड्यांची माळ. प्रत्येक जोडीत डावीकडं नाव, उजवीकडं त्याचं उत्तर. काही शोधायचं तर माळेच्या तोंडापासून एकेक जोडी बघत जायचं. नवी गोष्ट कळली की नवी जोडी माळेच्या तोंडाशी ओवायची. त्याच नावाची जुनी जोडी असली तर ती मागं राहते, कोणी पुसत नाही, फक्त नवी आधी सापडते म्हणून जुनी दिसत नाही. नवी काढून घेतली की जुनी पुन्हा समोर येते. दुसरा प्रकार हॅश टेबलचा. तिथं कप्पे. नाव दिलं की यंत्र थेट त्याच्या कप्प्याशी जातं, मग माणसं दहा असोत की दहा हजार. पण कप्प्यात एकच गोष्ट मावते. दुसरी ठेवली की पहिली गेली. आणि कोण आधी आलं, कोण नंतर, याचा काही हिशेब राहत नाही. तिसराही एक प्रकार होता, ज्यात शब्दाच्या पाठीवरच त्याचे गुण लटकवायचे, पण तो तिनं स्वतःच बाजूला सारला. तुमचं काम किती मोठं आहे त्यावर ठरवा सर, ती म्हणाली होती. थोडक्या माणसांना माळ पुरते.

आमोण्याच्या घरातली सगळी माणसं मोजली तरी माळ पुरली असती. पण गुरुदासनं हॅश टेबल घेतलं. शहाणी माणसं तेच वापरत असणार असं त्याला वाटलं. माळ म्हणजे बायकांनी दारात बसून करायचं काम, आणि आपण काहीतरी पोरकट करतोय हा संशय त्याला आधीच होता. आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी त्यानं अशाच निवडल्या होत्या, लोक हसणार नाहीत अशा.

एकच गोष्ट त्यानं कोणाला न विचारता निवडली होती, आणि ती म्हणजे बायकोचं नाव. ती पार्सेची, पेडण्याकडची, बागायतदार घरातली. तिचं नाव शेवंती. गोव्याची मुक्ती होऊन एक-दोन वर्षं झाली होती तेव्हाचं लग्न. सुनेचं नाव बदलायचं हे घरात ठरलेलंच होतं, फक्त नवं नाव काय ते आईनं त्याच्यावर सोपवलं, हा एवढा वाचतो म्हणून. त्यानं कित्येक दिवस नावं मनात घोळवली. मुलीला त्यानं पाहिलं होतं एकदाच. जनेलाच्या गजांपाशी उभी होती, कोणीतरी काहीतरी बोललं आणि ती खुदकन हसली, आणि मोठ्या माणसांसमोर हसलो म्हणून तिनं तोंडाला पदर लावला, तरी डोळे हसतच राहिले. त्या हसण्यावरून त्यानं नाव काढलं. विनोदिनी. रस्त्यानं जाताना तो ते मनात म्हणायचा आणि कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. लग्नात तांदळाचं ताट पुढं आलं, सोन्याच्या अंगठीनं त्यानं तांदळात अक्षरं ओढली, वेलांट्या वाकड्या आल्या. तिनं मान खाली घालून ताटाकडं पाहिलं. तिला तिचं नाव तेव्हा कळलं. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय होतं ते तो आठवायचा प्रयत्न करायचा, पण आठवायचे फक्त तांदूळ, आणि अक्षराच्या तळाशी चमकणारं पितळ.

मग पुढं पार्सेला गेलं की एक गोष्ट घडायची. बस थांबायची, वरच्या काजूच्या उतारावरून तिचा भाऊ मधुकर ओरडायचा, "शेवंते, आयलें गो?" आणि गुरुदासच्या शेजारी बसलेली बाई एकदम दुसरीच होऊन जायची. खणखणीत आवाजात ओ द्यायची, पिशव्या त्याच्या मांडीवर टाकून पुढं धावायची. पिशव्या सांभाळत मागून चालताना त्याला चोरट्यासारखं वाटायचं. ही यांची होती. आपण हिचं नाव काढून घेतलं आणि त्या जागी आपलं ठेवून दिलं. कप्प्यात एकच गोष्ट मावते. हे त्यानं तिला कधी बोलून दाखवलं नाही. तसं तो तिला कमीच बोलून दाखवायचा. घरात ती कोकणीत बोलायची आणि तो पुस्तकातल्यासारखं मराठीत उत्तर द्यायचा, आणि इतक्या वर्षांत दोघांनाही त्यात काही वेगळं वाटेनासं झालं होतं. घटकराज्य व्हायच्या आधी भाषेवरून गोवा पेटला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्याला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, तू कुठल्या बाजूचा. त्याला आठवली ती आईची आरती आणि आईचीच शिवी. आरती मराठीत आणि शिवी कोकणीत, दोन्ही एकाच तोंडातून, दोन्ही तितक्याच मनापासून. त्यानं काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि दोन्हीकडच्यांची नाराजी घेतली. एकच कप्पा का, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण तेव्हा त्याच्याकडं हा शब्द नव्हता.

आणि आता पुन्हा तीच वेळ आली होती. येत्या रविवारी आमोण्याला आक्काकडं लग्नाचं पहिलं आमंत्रण द्यायला जायचं होतं आणि तिथं तिला सिद्धीचं नवं नाव सांगायचं होतं. घरातली सगळी नावं गुरुदासनंच काढायची हा आता रिवाजच झाला होता. पुतण्यांची, भाचरांची, एका म्हशीचंसुद्धा. आक्काचा फोन दोनदा येऊन गेला होता. नाव निघत नव्हतं. निघायचं, आणि मग त्या नावाखाली एका बाजूनं हसणारी ती मुलगी दिसेनाशी व्हायची.

"सर, अडलं का?"

सिद्धी दारात उभी होती. लग्न ठरल्यापासून तिला त्याला काय म्हणावं ते कळत नव्हतं. बाबा म्हणायचं तर कॉलेजात सगळे ऐकतात, सर म्हणायचं तर घरी दत्तू हसतो. गुरुदासनं पडदा हातानं झाकायचा प्रयत्न केला, जणू पडदा म्हणजे उघडं पुस्तक. मग हात काढून घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाला की नाव ठेवलंय, पण यंत्र नाही म्हणतंय, आपलंच काहीतरी चुकलं असणार.

तिनं वाकून वाचलं. नावं वाचता वाचता तिच्या लक्षात आलं असणार हे काय आहे ते, कारण ती परत पहिल्या नावापासून वाचायला लागली. पण तिनं तसं दाखवलं नाही. शिक्षिकेच्या आवाजात तिनं समजावलं की ही चूक सगळेच करतात. टेबल तयार करताना दोन नावं सारखी आहेत की नाही ते कसं ठरवायचं, हे त्याला सांगावं लागतं. सांगितलं नाही तर यंत्र फार कडक असतं. तुम्ही ठेवताना लिहिलेलं विनोदिनी आणि मागताना लिहिलेलं विनोदिनी, दोन्हींची अक्षरं तीच, पण यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू. जुळी असली तरी माणसं दोन, तसं. त्याला सांगायचं, दिसायला सारखं असलं तरी पुरे. तिनं एक शब्द वाढवला, टेबल नव्यानं भरलं, आणि पुन्हा विचारलं. गुरुदासचा जीव भांड्यात पडला. म्हणजे चूक साधीच होती, पोरांचीसुद्धा होते तशी.

यंत्र म्हणालं, निल. पण खालच्या ओळीत या वेळी टी आला.

"आता नाव सापडलं," सिद्धी म्हणाली. "ही खालची ओळ तेच सांगते, नाव आहे म्हणून. पण सर, समोर काही लिहिलेलं नाही. रुक्मिणीआत्यांच्या समोर आक्का आहे, मामांच्या समोर मेव्हणेबाब. आईंच्या समोर तुम्ही रिकामं सोडलंय."

त्यानं रिकामंच सोडलं होतं. आठवताना बोट थांबलं होतं आणि मग पुढं गेलं होतं, नंतर भरू म्हणून. आपण हिला काय म्हणतो. इतकी साधी गोष्ट. घरात शिरलो की दारात चपला जरा जोरात काढतो. चहा हवा असला की वर्तमानपत्र खाली ठेवतो. आई होती तोवर आईसमोर बायकोचं नाव घेणं म्हणजे अब्रूच गेली असती. आणि आई गेली तोवर नाव न घेण्याची सवय इतकी मुरली होती की नाव घेतलं असतं तर तीच दचकली असती. लोकांत असलो की खोकतो. बस. खोकतो आणि ती येते. हे आता सिद्धीला कसं सांगायचं, आणि यंत्रात कसं लिहायचं. 

सिद्धीनं खुर्ची ओढली आणि बसली. टेबलाऐवजी माळ करूया, ती म्हणाली, एवढ्या माणसांना उगाच कप्पे कशाला. तिनं भराभर जोड्या ओवल्या आणि त्याला दाखवलं की माळेत नाव मागितलं तर नुसतं उत्तर येत नाही, अख्खी जोडीच हातात येते; म्हणजे उत्तर रिकामं असलं तरी माणूस दिसतं. तिनं विनोदिनी मागितलं. पडद्यावर कंस उघडला, आत ते नाव, आणि कंस मिटला. बाकी सगळ्यांच्या कंसात दोघं दोघं होती. ही एकटीच बसली होती.

 मग सिद्धी पडद्याकडंच बघत म्हणाली की आत्यांनी तिच्या आईला विचारलं होतं, नाव ठरलं का. 

"माझं नाव फार ग्रेट आहे असं नाही," ती म्हणाली. "वर्गात आम्ही तिघी सिद्धी होतो. तुम्ही बदललंत तर मी भांडणार नाही. पण मला आधी सांगा. ताट पुढं आल्यावर कळायला नको."

तो हो म्हणाला. त्या हो मध्ये नक्की काय कबूल केलं ते त्यालाही कळलं नाही.

रविवारी फेरीबोटीतून मांडवी ओलांडताना तो कठड्याला धरून उभा राहिला. खनिजाची एक बार्ज तांबडी धूळ पाठीवर घेऊन समुद्राकडं चालली होती, पाण्यात इतकी खोल रुतलेली की तिच्या कडेवरून नदी आत येईल असं वाटावं. बायको शेजारी होती. केसांत अबोलीचा वळेसर, हातात आक्कासाठी घेतलेले पावाचे उंडे, पदेराच्या भट्टीवरून सकाळीच आणलेले, अजून कोमट. तिला विचारावं असं त्याच्या मनात आलं. तुझं नाव काढून घेतलं म्हणून तुला वाईट वाटलं होतं का. एवढंच वाक्य. त्यानं ते मनात जुळवलं, मराठीत जुळवलं, मग कोकणीत, मग ती म्हणाली की उंड्यांचा वास कसा सुटलाय बघा, आणि फेरी धक्क्याला लागली.

आक्का ओट्यावरच होती. पाय पसरून सुपारी कातरत बसलेली, गुडघे गेलेले, तोंड शाबूत. आमंत्रणाचे तांदूळ कपाळाला लावून होतात न होतात तोच तिनं विषयाला हात घातला. नाव काढलं का रे? की तुझ्या पुस्तकांतली नावं संपली? गुरुदास म्हणाला की तो जरा वेगळा विचार करतोय, हल्ली बऱ्याच घरांत बदलत नाहीत, शहरात विशेषतः, म्हणजे बदलू नये असं नाही, पण बदलायलाच हवं असंही... वाक्य कंसात कंस करत आत आत गेलं आणि मिटायचं राहिलं. आक्का ते संपायची वाट बघत बसली नाही.

"हिचें बदललें मरे," तिनं अडकित्ता त्याच्या बायकोकडं रोखला. "इतलीं वर्सां जालीं. हिचें कितें इबाडलें?"

बायको आत दाराशी खोवणीवर बसून नारळ खवत होती. तिचा हात थांबला नाही. गुरुदासला वाटलं, आता. आता ती सांगणार काय बिघडलं ते, आणि जे इतकी वर्षं पोटात घेऊन फिरलो ते सगळ्यांसमोर बाहेर पडणार. त्यानं ओट्याच्या खांबाकडं बघायला सुरुवात केली.

"इबाडूंक कांय ना," ती म्हणाली. "शेवंती पार्सेंत आसा. ती खंय वचूंक ना. भाव अजून उलो मारता." खोबऱ्याचा कीस परातीत पडत होता. "पूण आक्का, तें दुसरें नांव दिलें तुमी माका, आनी मागीर तें कोणें वापरलें? तुमी वयनी म्हणटात. सासुमांयन जल्मभर 'गो' म्हणलें. दत्तू आई म्हणटा. विनोदिनी फकत रेशन कार्डार आसा."

"आनी हो?" आक्कानं गुरुदासकडं हनुवटी करून विचारलं. "हो कितें म्हणटा?"

"हे खोंकतात," ती म्हणाली.

आक्का हसायला लागली. हसता हसता तिच्या मांडीवरची सुपारी सांडली. बायकोही हसली, ओल्या हाताचं मनगट तोंडाशी नेऊन. आणि गुरुदास खांबाकडं बघत राहिला. त्याच्या डोक्यात सगळं उलटं होऊन पडत होतं. म्हणजे जे पुसलं गेलं असं तो समजत होता, ते मुळी पुसलंच गेलं नव्हतं. ते मागं, माळेत, सुखरूप होतं. काजूच्या उतारावरून कोणीही हाक मारली की ओ देत होतं. उपाशी राहिलं होतं ते दुसरंच. ज्याच्यासाठी तो रस्त्यानं कान गरम करून चालला होता, ते. त्यानं ते तांदळात काढलं आणि तिथंच ठेवून दिलं. मग ते तांदूळ कोणीतरी धुऊन शिजवले असणार.

खोवणी थांबली. बायको आता हसत नव्हती. "दिवपाचें जाल्यार दत्तूकच नांव दी म्हणात," ती आक्काला म्हणाली, पण बघत होती परातीत. "पूण जो दिता, ताणें हाक मारूंक जाय. ना जाल्यार दिवंक नाका. माका तें नांव आवडलें. पयल्याच दिसा आवडलें. हांव वाट पळयतालें."

आक्कानं अडकित्ता मिटला.  मग तिनं विचारलं की दत्तू त्या पोरीला काय म्हणतो.  गुरुदास म्हणाला की सिद्धीच म्हणतो, दिवसभर म्हणतो, फोनवर म्हणतो, दात घासताना म्हणतो, परवा तर आईलाच चुकून सिद्धी म्हणाला. मग तेंच लिही म्हणावं ताटांत, आक्का म्हणाली, तांदूळ वाया जाऊंक नाका. आणि तिनं जेवायला वाढायला सांगितलं. एवढं मोठं काहीतरी त्या घरात त्या दुपारी बदललं आणि त्याची चाहूल फक्त मांजराला लागली, कारण आक्कानं हसताना सांडलेली सुपारी ते हुंगत बसलं होतं.

जेवणं झाली. उन्हं कलली. परत निघताना गुरुदास बायकोच्या पुढं चार पावलं चालत राहिला, जसा नेहमी चालायचा. तिचे पाय मागं वाजत होते. पयल्याच दिसा आवडलें. हे वाक्य तो चालता चालता परत परत ऐकत होता, मागून, तिच्या पावलांबरोबर. तेव्हा ताटावरून मान वर करून आपण तिच्याकडं पाहिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, तिला एवढी वाट बघावी लागली नसती. आपण तांदूळ बघत होतो.

धक्क्यावर फेरी उभी होती, माणसं चढत होती, एक टेम्पो मागं घेत होते. तो चढला आणि कठड्यापाशी जाऊन वळला, तर ती मागं नव्हती. धक्क्याच्या वरच्या अंगाला एक बाई तांबडी भाजी घेऊन बसली होती, तिथं ती वाकली होती आणि जुड्या उलट्यापालट्या करून बघत होती. फेरीवरून घंटी वाजली. गुरुदास खोकला. इंजिनाच्या धडधडीत तो खोकला त्याचा त्यालाच ऐकू आला नाही. तो पुन्हा खोकला, जोरात, खरंच ठसका लागेपर्यंत. एका शेजाऱ्यानं त्याच्या पाठीवर हात फिरवला. फळी उचलायला माणूस पुढं आला होता. ही फेरी गेली तर पुढची अर्ध्या तासानं होती, आणि एरवी गुरुदासनं अशा वेळी पुढच्या फेरीची वाट पाहिली असती. उतरून, धक्का चढून, तिच्या बाजूला जाऊन मुकाट उभा राहिला असता.

"विनोदिनी," तो म्हणाला.

म्हणाला खरा, पण ते म्हणणं कपाटातल्या पुस्तकाचं नाव वाचल्यासारखं निघालं. फळीवाल्यानं वर पाहिलं. गुरुदासनं कठडा घट्ट धरला, छातीत हवा भरली.

"विनोदिनी!"

फेरीतली निम्मी माणसं वळली. धक्क्यावरच्या भाजीवालीनं मान वर केली. बहुधा त्याच नावाच्या एका शाळकरी मुलीनं ओ देता देता तोंड मिटलं. बायको मात्र जुड्याच चाळत राहिली, कारण तिच्यासाठी या दिशेनं असा आवाज कधी आलाच नव्हता. मग भाजीवालीनं तिला कोपरानं ढोसलं. ती सरळ झाली, आधी मागं वळून पाहिलं, वरच्या वाटेकडं, तिथं कोणी नव्हतं. मग तिनं फेरीकडं पाहिलं. ती धावली नाही. जुडी काखेत घेतली, पदर सावरला, आणि उतरणीवरून अशी चालत आली की जणू फेरी तिचीच वाट बघायला बांधलेली आहे. फळीवाल्यानं फळी धरून ठेवली.

ती येऊन त्याच्याजवळ उभी राहिली. श्वास लागला होता. गाल लाल झाले होते, उतरण काही एवढी नव्हती. नदीकडं बघत, ओठ न हलवल्यासारखी, ती म्हणाली, "कोणाक हाक मारताले तुमी?"

"तुका," तो म्हणाला.

ती थोडी थांबली. "माका नीट आयकूंक आयलें ना. इंजिनाचो आवाज."

फेरी धक्क्यापासून सुटली होती. बाजूच्या माणसांनी आपापल्या पिशव्या धरल्या होत्या, पण कान इकडंच होते, भाजीचा वास सुटला होता, आणि ती त्याच्यापासून हातभर अंतरावर, त्याच्यासमोर, डोळ्यांनी हसत उभी होती. आता हाक मारायचं काही कारण उरलं नव्हतं. त्यानं मारली.